तायडेसाहेबांच्या पोटावरच्या बाटल्या

शुचिता ही आपल्या समाजाची फार जुनी आवड आहे. कोणते पात्र कशाने घासावे, कोणते वस्त्र कोठे वाळवावे, कोणाच्या हातचे पाणी कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये, याविषयी आपल्या पूर्वसूरींनी जेवढी शाई खर्च केली तेवढी बहुधा मोक्षाविषयीही केली नसेल. परंतु या सगळ्या ग्रंथविस्तारात एक साधा प्रश्न कोणी विचारलेला आढळत नाही. अमुक एक वस्तू शुद्ध आहे, हे कशावरून? नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली; शुचितेच्या प्रांतात मात्र एकटे शब्दप्रमाण राज्य करीत आले. वडीलधारे म्हणाले म्हणून शुद्ध, शेजारी कुजबुजला म्हणून अशुद्ध. शुचितेकडे पुरावा मागणे ही मोठी धिटाई होय. आणि ती धिटाई उद्धटपणाचा लेशही येऊ न देता, हात जोडून करणे हा त्याहून दुर्मिळ गुण. हा गुण ज्यांच्या ठायी मूर्तिमंत होता ते गृहस्थ म्हणजे आरोग्य खात्यातले स्वच्छता निरीक्षक देवमन तायडे. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांना तोंडावर ‘तायडेसाहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘बाटलीवाले’.

तायडेसाहेब मूळचे अमरावतीकडचे, रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका लहानशा गावातले. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरातला देव्हारा गेला, आणि रिकाम्या कोनाड्यात वडील पुंजाजींनी मुलाची निरीक्षकाच्या अभ्यासक्रमाची पुस्तके मांडली. कोनाड्याचा मान त्यामुळे तिळभरही उणावला नाही. मलेरिया, मोऱ्या आणि मैला यांविषयीच्या त्या ग्रंथांपुढे पुंजाजी अखेरपर्यंत पायातले काढल्यावाचून उभे राहिले नाहीत. अशा घरातून आलेला माणूस स्वच्छतेकडे नोकरी म्हणून पाहील हे संभवनीयच नव्हते.

देहाने ते उंच आणि सडपातळ होते. हनुवटी, खांदे, मनगटे, सगळीकडे काटकसर. पोटाचा घेर मात्र दिवसागणिक बदलत असे. सोमवारी सपाट दिसणारे पोट मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, चांगले गरगरीत होई आणि बुधवारी पूर्वपदावर येई. नवख्या माणसाला हा आहाराचा परिणाम वाटे. वस्तुतः तो विज्ञानाचा होता.

त्या काळी एखाद्या भाजीविषयी शंका आली की नमुना लाखबंद करून दूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा अशी रीत होती. तेथे त्यातले जंतू वाढवून, ओळखून, मग उत्तर लिहीत. पद्धत निर्दोष होती. परंतु उत्तर येईतो नमुन्याची सगळी भावंडे गावाने खाऊन, पचवून अथवा न पचवून, विसरलेली असत. एका मुळ्याच्या जुडीविषयी तर असे उत्तर आले की नमुना पोचला तेव्हा कुजलेला होता, सबब पुढच्या वेळी ताजा पाठवावा. तायडेसाहेबांनी ते पत्र शांतपणे वाचले आणि म्हणाले, “मुळा हाय. त्याले काय माहीत का आपल्याले थांबाचं हाय म्हून?”

आपल्याला त्वरित उत्तर हवे, ते दुपारच्या जेवणाआधी हवे, या ध्यासातून त्यांची बाटली जन्मली. दुधाच्या तपासणीत एक निळे औषध वापरतात. दुधात जंतूंची दाटी असेल तर ते आतला प्राणवायू संपवतात आणि औषधाचा निळा रंग विरून जातो. दाटी जितकी अधिक, तितका रंग लवकर जातो. दुधाची ही परीक्षा भाजीची का घेऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. उकळून निवलेल्या पाण्यात भाजी विसळायची, ते धुवण एका लहान बाटलीत भरायचे, त्यात चमचाभर उकळलेले दूध घालायचे, कारण अतिथींना नैवेद्य हवा, आणि वर निळ्या औषधाचे थेंब. गिरणीच्या सकाळच्या भोंग्याला बूच लावलेली बाटली दुपारच्या भोंग्यापर्यंत निळी राहिली तर भाजी खावी. पांढरी पडली तर फेकावी. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसा रंग गेलेला पाहून जंतू ओळखावा, असे हे निखळ अनुमान होते. त्याची मर्यादाही ते आपण होऊन सांगत. “चोर कोन हाय थे नाई सांगत हे बाटली. पन घरात गर्दी झाली एवढं पक्कं सांगते.”

एक अडचण होती. जंतूंना माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते. ऊब देणारे विजेचे कपाट खात्याने मंजूर केले होते. ते मंजूर अवस्थेतच राहिले. तेव्हा तायडेसाहेबांनी विचार केला की अंगाएवढीच ऊब हवी असेल तर अंग काय वाईट? अचलपूरच्या बैलबाजारात व्यापारी नोटा ठेवायला कमरेला कापडी पट्टा बांधतात, तो त्यांनी तिथल्या नोकरीत पाहिला होता. तसाच एक पट्टा पत्नी इंदूबाईंनी त्यांना शिवून दिला. नोटांच्या जागी बाटल्यांचे खण. बाजाराच्या दिवशी तायडेसाहेब त्या सगळ्या बाटल्या पोटाशी बांधून, वर कोट चढवून, गावातून हिंडत. हिवाळ्यात तर हा उपाय उत्तम होताच, पण वैशाखातही त्याला तोड नव्हती. कारण त्या महिन्यात माणसाचे अंग हेच अकोल्यातले सर्वांत थंड ठिकाण असते.

या व्रताचे आचार कडक होते. व्रतस्थ माणसाला वाकता येत नसे. पंगतीत ते नवरदेवासारखे ताठ बसत. दसऱ्याला सोने देऊन लोक गळामिठी घालू लागले की ते दोन पावले मागे सरत, त्यामुळे साहेबाला गर्व चढला असा बोभाटा झाला. चालताना पोटातून किणकिण आवाज येई, आणि दारूबंदीच्या त्या दिवसांत हा आवाज एका शिपायाच्या कानी पडला.

“कोटाखाली काय हाय?” शिपायाने विचारले.

“मुळा.”

“बाटलीत मुळा?”

“मुळ्याचं धुवण.”

शिपायाने बाटली उजेडात धरली. “हे तं निळं हाय.”

“सध्या हाय. दुपारी पांढरं होईल.”

“अन् थे पोटाले काहून बांधलं?”

“ऊब लागते.”

“तुमाले का त्याले?”

“त्याले,” तायडेसाहेब गंभीरपणे म्हणाले.

हा इसम दारुड्यापेक्षा अधिक काळजी करण्याजोगा आहे असे ठरवून शिपायाने त्यांना हात धरून घरापर्यंत पोचवले आणि इंदूबाईंना म्हणाला, “बाई, ह्याइले एकटं नका सोडत जाऊ.”

साठच्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. पाऊस सरता सरता जुन्या शहरात हगवणीची साथ आली. रुग्ण बहुतेक उठून बसले, परंतु बाजार आजारी पडला. मुळा, कांद्याची पात, सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात) या कच्च्या खाण्याच्या भाज्यांकडे गिऱ्हाईक संशयाने पाहू लागले. मोर्णेकाठच्या त्या लहानशा भाजीबाजाराचा कारभार विक्रेत्यांची एक कमिटी पाही. तिचे अध्यक्ष भगवंतराव हे सज्जन गृहस्थ होते. मात्र गेल्या पोळ्यापासून त्यांच्या वक्तृत्वातून वारा फार जाऊ लागला होता आणि दंत्य वर्ण पार नाहीसे झाले होते. कमिटीपुढे तक्रार आली ती दुर्गाबाईंच्या मुळ्याची.

दुर्गाबाई नदीकाठी भाजीची वाडी करीत. कोरड्या वाळूत खड्डा खणला की त्यात पाझरून पाणी येते, त्याला झिरा म्हणतात. त्या झिऱ्याच्या पाण्यावर त्यांचा मुळा आणि सांबार पोसला जाई. नवरा गेल्यावर त्यांनी बाजारातल्या आपल्या ओट्यावर बसून एकटीने मुलगी वाढवली, शिकवली, आणि एका स्वच्छता निरीक्षकाला दिली. दुर्गाबाई या तायडेसाहेबांच्या सासूबाई. आता कमिटी त्यांचा ओटा काढून घेण्याच्या विचारात होती, आणि ओटा गेला की नदीकाठच्या वाडीला काही अर्थ उरत नव्हता.

तक्रारदार नत्थुजी हे काळ्या मातीतले जुने बागायतदार. त्यांचा मुळा मांडीएवढा होई आणि त्याचा अभिमान त्याहून मोठा. दुर्गाबाईंच्या ओट्यासमोर उभे राहून ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाले, “माह्या वावरात त्या सरकारी खताचा दाना नाई. निर्मळ शेनखत! गाय माही, विहीर माही, मुळा माहा. अन् हे दुर्गी पाहा. नदीच्या घानीतला मुळा आनते अन् लोकाइले हागवते.”

दुर्गाबाईंनी जुडी बांधता बांधता मान वर केली. “नत्थुजीभाऊ, गाय तुमची, विहीर तुमची, अन् तोंड बी तुमचंच. थे जरा झाका. मुळ्यावर थुका उडून राहिला.”

नत्थुजींच्या बोलण्यात ‘नदीची घाण’ एवढेच शब्द होते. ऐकणाऱ्यांना त्यामागचे न उच्चारलेले शब्दही ऐकू येत होते, आणि दुर्गाबाईंना ते सर्वांत आधी ऐकू आले होते. भगवंतरावांनी निकाल तायडेसाहेबांच्या बाटलीवर सोपवला. दोघांच्याही मुळ्याची परीक्षा पुढच्या मंगळवारी बाजारात, सर्वांसमक्ष व्हावी.

त्या आठवड्यात तायडेसाहेबांच्या घरी जेवणात मीठ कधी कमी, कधी जास्त पडले.

“खरं सांगा,” इंदूबाई म्हणाल्या, “माह्या मायचा मुळा खराब निंगाला तं?”

“तं खराब निंगाला म्हनीन.”

“अन् मंग जेवाले कुठी जासान?”

“थेच पडताळून पाहून राहिलो,” तायडेसाहेब म्हणाले आणि खारट वरण मुकाट्याने संपवले.

सोमवारी सकाळी दुर्गाबाई स्वतः आल्या. उंबऱ्यातच बसल्या.

“मामी, आत या ना,” तायडेसाहेब म्हणाले. सासूला ते मामी म्हणत.

“आत नाई येत. लोक म्हनतीन सासू जवायाच्या कानाले लागली. एकच सांगाले आली, जवाईबापू. माही बाजू घेऊ नका. तुमी घेतली तं बाजार म्हनील, जवायानं वाचवली. मले मुळ्यानं वाचवलं पायजे.”

“अन् मुळ्यानं नाई वाचवलं तं?”

“तं मुळ्याले शिव्या देईन. तुमाले नाई देनार.” एवढे बोलून त्या उठल्या. “दिल्याच तं थोड्याशा.”

मंगळवारी बाजारातल्या लिंबाखाली बाके मांडली गेली. कमिटी आली, गिऱ्हाइके आली, आणि ज्यांना मुळ्याशी काहीही कर्तव्य नव्हते ते सर्वांत आधी आले. तायडेसाहेबांनी दोन्ही ओट्यांवरची एकेक जुडी भगवंतरावांच्या हातून उचलवली, दोन बाटल्या सिद्ध केल्या, आणि मग आपली योजना सांगितली. दुर्गाबाई आपल्या सासूबाई आहेत हे सर्वश्रुत आहे. तेव्हा आता भोंग्यापर्यंत या बाटल्यांना आपण हात लावणार नाही. दुर्गाबाईंच्या मुळ्याची बाटली नत्थुजींनी आपल्या पोटाशी बांधावी आणि नत्थुजींच्या मुळ्याची दुर्गाबाईंनी. दोघांनी भोंगा होईपर्यंत एकाच बाकावर, सर्वांच्या डोळ्यांसमोर बसावे. म्हणजे ज्याला बाटली बिघडावी असे वाटते त्याच्याच अंगाची ऊब तिला मिळेल आणि पक्षपाताला जागा राहणार नाही.

नत्थुजींनी नकळत पोटावर हात ठेवला.

“म्हंजे... दुर्गीचं धुवण... माह्या पोटाले?”

“त्यांच्या मुळ्याचं,” तायडेसाहेबांनी दुरुस्ती केली.

“माह्या उघड्या पोटाले?”

दुर्गाबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, “घाबरू नका भाऊ. बाटलीले बूच हाय. माही सावली बाहीर नाई निंगत.”

बाजार खदखदून हसला. नत्थुजी हे रागीट असले तरी दिलेल्या शब्दाचे पक्के होते, आणि परीक्षेला होकार त्यांनीच दिला होता. त्यांनी डोळे मिटले, सदरा वर केला, आणि तप्त लोखंडाचा डाग घ्यावा तशा धीराने बाटली बांधून घेतली. दुर्गाबाईंनी आपली बाटली पदराखाली कमरेला खोचली. सकाळचा भोंगा झाला.

पहिला काही वेळ नत्थुजी श्वासही जपून घेत होते. मग म्हणाले, “साहेब, वळवळ करून राहिले बाप्पा आत!”

“जंतू डोळ्याले दिसत नाइत, नत्थुजी. पोटाले कसे समजतीन?”

“तुमच्या पोटाले सवय झाली. माहं पोट नवं हाय.”

परंतु एका बाकावर, एकमेकांचा मुळा पोटाशी धरून, सबंध सकाळ भांडत बसणे हे मानवी शक्तीच्या बाहेरचे आहे. उन्हे पानांतून खाली उतरू लागली तशी नत्थुजींनी समोर पाहतच विचारले, “कावं... तुया मुळ्याले भेगा काहून नाई पडत?”

“पानी तोडून तोडून देतो. तुमच्यासारखी मोट नाई सोडत एकदम.”

“माहा पोकळ बी निंगते कधी कधी.”

“पानी जास्ती. अन् उशिरा उपटता. मोठा दिसाले पायजे म्हून.”

नत्थुजींनी चंचीतली सुपारी काढून मधल्या जागेत ठेवली. थोड्या वेळाने ती तिथे नव्हती. या व्यवहाराची नोंद कोणत्याही स्मृतिग्रंथात नाही, परंतु लिंबाखालच्या मंडळींनी ती घेतली.

दुपार होत आली तेव्हा नत्थुजींच्या पत्नी सुभद्राबाई भाकरीचे गाठोडे घेऊन आल्या. गर्दी पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागे उभ्या राहिल्या. तेवढ्यात भोंगा झाला.

नत्थुजींनी अधीरपणे सदरा वर केला. बाटली पांढरीफटक पडली होती. “पाहा! पाहा!” ते ओरडले, आणि मग ही गोष्ट आपल्याच पोटाशी होती हे ध्यानात येऊन त्यांनी ती हातभर दूर धरली. दुर्गाबाईंनी आपल्या ओट्याकडे एकदा पाहिले आणि कमरेची बाटली काढून जावयाच्या हाती दिली.

ही बाटली काही वेगळीच होती. वरचे तीन हिस्से पांढरे आणि तळाशी गडद निळा थर. असे रूप कोणत्याही पुस्तकात नव्हते. भगवंतरावांनी ती नाकाजवळ नेली, लांब धरली, आणि न्यायबुद्धीला स्मरून म्हणाले की ही भाजी खालून उत्तीर्ण आणि वरून अनुत्तीर्ण आहे.

तायडेसाहेबांनी बाटली उलटी केली, हलवली. निळा गाळ धुरासारखा उठला आणि सावकाश पुन्हा तळाशी जाऊन बसला. त्यांचे औषध पाण्यात पूर्ण विरघळणारे होते. ते कधी तळाशी बसत नसे. त्यांनी नत्थुजींच्या ओट्यावरचा एक मुळा उचलला. उन्हात धरला. मुळा पांढरा होता, पण नव्या धोतराचा असतो तसा पांढरा. कडेला आकाशाची झाक.

“नत्थुजी, मुळ्याले काय लावलं?”

“माह्या मुळ्याले? देवाशपथ काई नाई!”

मागून बारीक आवाज आला. “म्या लावली.” सुभद्राबाई पुढे आल्या. “नीळ. कपड्याची. साहेबाले निळं पायजे हाय, निळं राह्यलं तं जिंकलं, असं हेच म्हनत होते घरी. मंग म्या म्हटलं, आपल्याच घरून न्या ना निळं. लोकाइच्या औशिदाची भीक कायले? अन् धोतर पांढरं निंगते निळीनं, तं मुळा काहून नाई?”

नत्थुजींनी दोन्ही हातांनी कपाळ धरले. “अवं बह्याडे! मी आठ दिवस शुद्ध शुद्ध म्हून बोंबलून राहिलो अन् तू मुळ्याले नीळ देल्ली?”

“तं मले कोनी सांगतलं का रंग कशाचा हाय? तुमीच म्हना, शुद्ध निंगाले पायजे. म्या दोनदा देल्ली.”

लिंबाखाली इतका हशा उठला की कावळे उडाले. सर्वांत मोठ्याने हसल्या त्या दुर्गाबाई. ओटा जाण्याच्या बेतात असलेल्या माणसाने इतके हसावे हे पाहून नत्थुजींचाही राग ओसरला. परंतु हशा सरला तसा निकाल उरला. नीळ बाजूला केली तर रंग दोघांचाही गेला होता. भगवंतरावांनी घसा साफ केला आणि दंत्य वर्णांविना जाहीर केले की कमिटीपुढे आता एकच मार्ग आहे, दोघांचेही ओटे बंद करावेत.

दुर्गाबाईंचे हसू थांबले. नत्थुजींचा चेहरा प्रथमच त्यांच्या चेहऱ्यासारखा दिसू लागला.

“थांबा,” तायडेसाहेब म्हणाले, आणि भर बाजारात कोटाची बटणे सोडू लागले. बायांनी माना वळवल्या. कोटाखालून पट्टा दिसला आणि पट्ट्यात दोन बाटल्या. “मी कधी एकाच पुराव्यावर नाई बोलत. सकाळी उजाडताच मी अन् कमिटीतला एक जन दोन्ही वावरांत गेलो होतो. एक मुळा मामीच्या वाडीतून उपटला, एक नत्थुजीच्या. तिथल्या तिथंच धुवण घेतलं. ह्या त्या बाटल्या.”

दोन्ही बाटल्या निळ्या होत्या. किंचित फिकट, पण निळ्या. एकीवर झिऱ्याच्या वाळूचे कण होते, दुसरीवर विहिरीकडची काळी माती. रंगात मात्र अंतर सांगणे कठीण होते.

“वावरातून निंगते तवा मुळा चांगला,” तायडेसाहेब म्हणाले, “अन् ओट्यावर येते तवा खराब. दोघाइचा बी. मधात काय होते?”

उत्तर देण्याची कोणाला गरज पडली नाही. बाजाराच्या तोंडाशी दगडी हौद होता. भाजी टवटवीत दिसावी म्हणून प्रत्येक विक्रेता ओझे उतरण्याआधी त्यात जुड्या बुचकळून काढी. हा रिवाज बाजाराइतकाच जुना होता. सगळ्यांनी त्या दिशेला पाहिले तेव्हा एक माणूस सांबाराच्या जुड्या हौदात खळखळून धूत होता आणि त्याला लागूनच एक टांग्याचा घोडा, डोळे मिटून, तेच पाणी पीत होता. घोड्याने प्यायचे थांबवून नाक फुरफुरले. सांबार पुन्हा एकदा बुचकळला गेला.

“अरे बाप्पा,” नत्थुजी हळूच म्हणाले. “मी रोज पाहतो हे. आज दिसलं.”

आता पेच भगवंतरावांपुढे होता. हौद त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ बांधलेला होता आणि तशी संगमरवरी पाटी दर्शनी भागावर होती. पित्याचे स्मारक रिकामे करायचे कसे? ते गहिवरून काही बोलले. पण त्या गहिवरातले निम्मे शब्द कोणाला कळले नाहीत. तायडेसाहेबांनी हात जोडले. हौद जनावरांसाठी राहू द्या, भाजीसाठी वेगळा नळ बसवू, पाटी दोन्हीकडे लावू. मात्र एकवार हौद उपसून स्वच्छ करू द्या.

हौद त्याच दिवशी उपसला. तळाशी शेवाळ, बैलांच्या शिंगांचे तुटलेले गोंडे, एक नाल आणि या सगळ्यांच्या मधोमध एक दातांची कवळी निघाली. पोळ्याच्या दिवशी मानाच्या बैलाला पाणी पाजताना भगवंतराव हौदावर वाकून मोठ्याने शिंकले होते, ही गोष्ट काहींना आठवली. तायडेसाहेबांनी कवळी उकळत्या पाण्यातून काढली, कागदात गुंडाळली आणि अध्यक्षांच्या हातात निमूट दिली. त्यानंतर भगवंतरावांनी हौदाच्या बाजूने एक शब्दही काढला नाही, आणि पुढच्या सभेत दुर्गाबाईंचा ओटा कायम ठेवल्याचा ठराव त्यांनी सगळ्या दंत्य वर्णांसह, खणखणीत वाचला.

हौद उपसला त्या संध्याकाळी नत्थुजी आपल्या ओट्यावरून दुर्गाबाईंच्या ओट्याकडे गेले. हातात चंची होती.

“दुर्गाबाई,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी हे नाव पुरते प्रथमच उच्चारले होते. “थे पानी तोडून द्याचं कसं म्हनलं तुमी?”

“उद्या वाडीवर या. दाखवतो. अन् येताना वहिनीले सांगा, नीळ घरीच ठेवा.”

इंदूबाईंच्या स्वयंपाकातले मीठ त्या दिवसापासून प्रमाणात पडू लागले. तायडेसाहेबांनी जेवताना ते दोनदा चाखून पाहिले आणि मगच मान डोलावली. विजेचे कपाट पुढे कधीतरी आले, पण तोवर त्यांची बदली अमरावतीला झाली होती; तिथेही ते पट्टा बांधूनच हिंडले. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता असे नाही, पण त्याचाही पडताळा हवा, म्हणून कपाटातल्या बाटलीची जोडीदारीण ते पोटाशी ठेवीत. सेवानिवृत्तीनंतर एका हिवाळ्यात, झोपेतच, ते गेले.

हौद आता नाही. त्याच्या जागी नळ आहे आणि नळावर भगवंतरावांच्या वडिलांची पाटी आहे. पट्टा इंदूबाईंच्या पेटीत आहे. त्याच्या डाव्या खणावर पडलेला निळा डाग कितीही धुतला तरी गेला नाही. दुर्गाबाईंचा ओटा बाजारात आहे, त्यावर त्यांची नात बसते. मुळा चांगला असतो. बांधण्याआधी तो नळाखाली धुतात.